पूर्वचाचणी, मोखोत्लाँग

मासेरूच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही लेसोथो नावाचा अख्खा देश
छपरांत मोजून ठेवला होता.
उपग्रहाच्या चित्रात दर छपरावर एक ठिपका,
ठिपक्यांचे गट, गटांना क्रमांक,
क्रमांकामागे एक गणक, एक टॅब्लेट
आणि पाठीवर बांधायचं सौर चार्जरचं पान.
कागद या खेपेला नाही.
मागल्या खेपेचे अजून तळघरात आहेत;
उंदरांनी एका जिल्ह्याची बरीच लोकसंख्या खाल्ली
असं गोदामातले न्ताते रामोनोत्सी सांगतात,
आणि हसत नाहीत.

प्रश्न बेचाळीस. मीच बसवले.
कुठल्या उत्तरावरून कुठे उडी मारायची,
कुठे लाल चौकट यावी,
आईचं वय मुलाहून कमी भरलं
तर यंत्राने कसं अडून बसावं,
सगळं माझ्या हातचं.
हिवाळाभर शिवण घालावी तशी
प्रश्नाला प्रश्न जोडत होते.

मग चाचणीसाठी वर आलो.
घाटात गाडीने दम सोडला.
पुढे दोन तट्टं, मी, आणि पुलेंग, आमची गणक.
टॅब्लेट तिच्या ब्लँकेटच्या आत, छातीशी,
कारण थंडीत बॅटरी माणसाआधी मान टाकते.

ठिपका एकशे सात निघाला गवताची गंजी.
एकशे अकरा, सपाट खडक.
आणि जिथे ठिपकाच नव्हता
तिथून धूर येत होता.
सेखोबे. वय तेरा म्हणाला, मग चौदा.
मेंढ्या मात्र एका दमात: दोनशे अठरा,
त्यांत एक लंगडी, एक मामाची.
पुलेंगने घर क्रमांक विचारला.
त्याने मागे वळून डोंगराकडे पाहिलं,
जणू आम्ही त्याच्याजवळ
दुसऱ्याच कुणाची वस्तू मागत होतो.

खाली वस्तीत, गोल झोपडीत, मामोत्लात्सी.
प्रश्न चौथा:
काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?
"मी," ती म्हणाली. "आणि मोत्लात्सी."
मोत्लात्सी कुठाय?
"वेल्कमला. खाणीत. रात्रपाळीला."
म्मे, मग तो काल इथे झोपला नव्हता.
"तिथे तरी कुठे झोपला," ती म्हणाली,
"रात्रपाळी होती ना."

पुलेंगने माझ्याकडे पाहिलं,
मी टॅब्लेटकडे.
नियम माझाच: जिथे रात्र, तिथे माणूस.
सीमेपलीकडची रात्र त्या देशाच्या खात्यात.
आणि जमिनीखालची?

सोपा म्हणून पुलेंगने नावाचा रकाना आधी घेतला.
मामोत्लात्सी. म्हणजे मोत्लात्सीची आई.
लग्नाच्या दिवशी सासरच्यांनी ठेवलेलं,
पोर पोटातही नव्हतं तेव्हा.
चार वर्षं ती नुसती नावाची आई होती.
झऱ्यावर बाया हाक मारायच्या
आणि ती नसलेल्या मुलाला घेऊन वळायची.
हे तिने विचारल्यावाचून सांगितलं,
चुलीत शेणी सारता सारता,
बेचाळिसांपैकी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसलेलं.

पुलेंग एकेक अक्षर दाबत गेली.
काल रात्री हजर: एक.
यंत्राने हिरवी खूण दिली.
चूक नाही, म्हणालं.

रात्री तालुक्याच्या विश्रामगृहात
अहवाल लिहायला बसले.
ठिपके दुरुस्त करावेत, लिहिलं.
गुराख्यांसाठी वरच्या कुरणांत वेगळी फेरी, लिहिलं.
बॅटऱ्या जादा. तट्टं जादा.
चौथ्या प्रश्नापुढे बराच वेळ
ती उभी रेघ लुकलुकत राहिली.
तो बदलला नाही. बदलायचा अधिकार होता,
पण मग शेजारचा देशही त्याला मोजणार
आणि एका माणसाच्या दोन रात्री होणार.

फक्त एक केलं.
नावाच्या रकान्यात वीस अक्षरं मावायची,
ती चाळीस केली.
कारण विचारलंय फॉर्मवर.
तांत्रिक, असं लिहिलं.